कडेच्या खाचा आणि वरची खोली

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे. मी मोठा होणारच आहे, मग आधीपासून सवय केलेली बरी.

या महिन्यात मुकादम व्हायचंच. आमच्या रस्त्याच्या कामावरचे आत्ताचे मुकादमकाका कंबर धरून घरी निघालेत. त्यांच्या जागी कोण, ते इंजिनीअर मॅडम बुधवारच्या रस्त्याच्या चाचणीनंतर ठरवणार. या बुधवारच्या नाही, पुढच्या. मुकादमाला वरच्या मजल्यावरची खोली मिळते. खिडकीसकट. आईला इथे आणून ठेवता येईल.

सध्या आम्ही दोघं कामगार त्याच इमारतीच्या तळघरात. रस्ता जिथे उतरून संपतो, तिथे आमचं दार. वर कुठे पाऊस पडला की सगळ्या रस्त्याचं पाणी आमची विचारपूस करायला येतं. एकदा उशीच वाहून गेली होती. या शहराला डोकं नाही.

५ मार्च
माझ्या वाटेत एकच माणूस आहे. माझ्याच खोलीत राहणारा. त्याला सगळे हूं म्हणतात, कारण तो तेवढंच बोलतो. जेवलास? हूं. आग लागली? हूं. असा माणूस मुकादम झाला तर कामगारांना शिव्या कोण देणार?

मॅडम रोज सकाळी सगळ्यांना गोल उभं करून कामाचं समजावतात. रस्ता हिरवा करायचा, दोन्ही बाजूंना झाडांचे वाफे, शहर श्वास घेईल, वगैरे. हूं तोंड उघडं टाकून ऐकतो. मी त्या वेळात आईला फोन करून घेतो. ज्याला काम येतं त्याने काय ऐकायचं? नकाशा बघून काम करणारा म्हणजे पुस्तक वाचून पोहणारा.

८ मार्च, शनिवार
आज मोठी चूक पकडली. माझी नाही. मॅडमची.

फुटपाथच्या कडेला दगड बसवलेत. पण थोड्या थोड्या अंतरावर मध्येच खाच सोडलीय. वीतभर. आणि आतले वाफे रस्त्यापेक्षा खोल! म्हणजे रस्त्यावरचं घाण पाणी सरळ बागेत. झाडांचे पाय चिखलात. कोणाच्या डोक्यातून निघालं हे? दगड कमी पडले असणार, म्हणून मध्ये मध्ये जागा सोडून पुरवले असणार.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “सातवीत दोनदा बसलास आणि आता शहराच्या चुका काढतोयस?” मी म्हणालो, चुका ओळखायला पास व्हावं लागत नाही. ती म्हणाली, “ते खरं. तुझ्याएवढा चुकांचा अनुभव आहे कोणाला.” दाजी मागे हसत होते. हसा.

मॅडम मंगळवारपर्यंत हेड ऑफिसला. काका पाठीवर आडवे. संधी दारात उभी आहे.

९ मार्च, रविवार, दुपार
सुट्टी असून कामावर. उरलेलं सिमेंट, थोडी खडी, माझी थापी. एकेक खाच बुजवत वरून खाली आलो. असा माल कालवलाय की हत्तीने लाथ मारली तर हत्ती लंगडेल. कड कशी दिसतेय! एका रेषेत. भांग पाडल्यासारखी.

एक आजोबा काठी टेकत थांबले. “काय रे, हे मुद्दाम ठेवलेलं नव्हतं ना?” म्हटलं, आजोबा, मुद्दाम कोण अर्धवट काम ठेवतं? ते म्हणाले, “आमच्या घराचा गवंडी.” आणि गेले.

संध्याकाळ
हूं आला. बघून “हूं?” म्हणाला. शेवटी प्रश्न होता. मग चक्क दोन शब्द बोलला. “मॅडमना विचार.”

जळतो. इतका जळतो की तोंड उघडलं.

११ मार्च
मॅडम आल्या, पण दिवसभर कानाला फोन. सांगणार होतो, पण नको. उद्या चाचणीतच कळू दे. रस्त्याच्या वरच्या टोकाला पाण्याचा टँकर उभा करून पाणी सोडणार आहेत. पाण्यासमोर खोटं चालत नाही.

आईला सांगितलं, बॅग भर. ती म्हणाली, “आधी होऊ तर दे.” म्हटलं, झालंच समज. तिने विचारलं, खोलीत ओल नाही ना, गुडघे धरतात. म्हटलं, आई, खिडकी आहे.

१२ मार्च, बुधवार, सकाळी नऊ
इस्त्रीचा शर्ट. हूं कालचाच घालून आलाय. ज्याचं त्याचं नशीब.

१२ मार्च, सायंकाळ
लिहावंसं वाटत नाही. पण मोठी माणसं हेही लिहितात.

टँकर सुटला. पाणी कडेकडेने जे सुसाट निघालं! माझ्या एकाही सांध्यातून थेंब आत गेला नाही. बाग कोरडी ठणठणीत. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

मॅडमनी विचारलं, “खाचा कुठे गेल्या? कोणी बुजवल्या?” मी हात वर केला. अभिमानाने. हे विसरता येत नाहीये.

तेवढ्यात खालून खानावळवाल्या मावशी ओरडल्या. पाणी तळघरात. आम्ही पळत गेलो तर माझी चप्पल दारातून बाहेर येत होती, मला भेटायला. मागे गादी, अर्धी तरंगत. आईसाठी घेतलेली नवी चादर चहाच्या रंगाची.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो. पायऱ्यांवर उभ्या राहून म्हणाल्या, “अरे, त्या खाचा म्हणजे पाण्याचे दरवाजे. रस्त्याचं पाणी बागेत शिरायचं, तिथेच मुरायचं, म्हणजे खाली येणार नाही. हा सगळा खटाटोप तुमच्या खोलीसाठीच चाललाय रे.”

मी म्हणालो, मग तसं कुठेतरी लिहून लावायचं! हूंने बोटाने दाखवलं. बोर्ड आहे. चित्रासकट. मी रोज त्याच्यावर शर्ट अडकवतो.

तरीही सांगतो, बोर्ड चुकीच्या जागी आहे.

१३ मार्च
मी घातलेलं सिमेंट मीच फोडायचं, असा हुकूम. पण निघेल तर शपथ. दोन छिन्न्या बोथट झाल्या. मॅडम वाकून बघत म्हणाल्या, “सगळ्या रस्त्यात हेच एक काम पक्कं झालंय.” सगळे हसले. हसू देत. वाक्य लिहून ठेवतो.

ताईचा फोन. “झालास का रे मुकादम?” म्हटलं, माझंच काम सगळे उघडून बघतायत. ती हळूच म्हणाली, “आई बॅगेला कुलूप लावून बसलीय.”

१४ मार्च, शुक्रवार
हूं मुकादम झाला. मॅडम म्हणाल्या, जो ऐकतो त्याला काम सांगता येतं. ठीक आहे. मी विरोध नोंदवलाय. मनात.

तो सामान घेऊन वर गेला. मी ओल्या फरशीवर उकिडवा बसून ठरवलं, कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत. ओलीत झोपेन, पण ताठ मानेने.

तो परत खाली आला. दारात उभं राहून आयुष्यभराचं बोलला. “खोली मोठी आहे. आईला बोलाव. खिडकीजवळ त्या झोपतील, आपण दोघं दाराशी. पण त्यांना सांग, मुकादम मी आहे.”

मी म्हणालो, गरज नाही. मग गादी पिळून बघितली. मग उचलली.

वरून सगळा रस्ता दिसतो. माझी कडही दिसते. अजून एका रेषेत आहे, वरच्या फोडलेल्या तीन खाचा सोडल्या तर. अंधार पडायच्या आत आईला फोन केला आणि पहिल्यांदाच खरं सांगितलं, म्हणजे बरंचसं. ती म्हणाली, “ओल नाही ना?” म्हटलं, नाही.

हूं छिन्नीला धार लावत बसला होता. म्हणाला, “उद्या मी छिन्नी धरतो, तू घण मार. पण आधी सकाळी मॅडम बोलतील ते ऐकायचं. फोन खिशात.”

माझ्याकडे याला चांगली चार-पाच उत्तरं होती. सगळी तोंडाशी आली होती.

म्हणालो, “हूं.”