हाक मारायचं नाव

आई, तुला जाऊन सहा वर्षं झाली. मी अजून गेवराईच्या त्याच पतसंस्थेत आहे, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर. कर्जाचं कामकाज आता सगळं संगणकावर चालतं आणि हप्त्याची तारीख जवळ आली की माणसांच्या फोनवर आपोआप मेसेज जातो. आधी त्यावर ‘प्रिय ग्राहक’ असायचं. दिवाळीनंतर नवीन सॉफ्टवेअर आलं, त्यात एक रकाना आहे: हाक मारायचं नाव. माणसाला जे नाव आवडतं ते विचारून तिथं भरायचं, म्हणजे मेसेजची सुरुवात त्या नावानं होते. यादीतल्या एकेकाला फोन करून विचारायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, साहेबांना दुसरं काही सुचत नाही.

पुरुष पटकन सांगतात. कुणी अण्णा, कुणी सरपंच, एकानं तर ‘भावी आमदार’ लिहायला सांगितलं. बायका मात्र आधी अडखळतात. शिरूरकडची एक मेंढरंवाली मावशी म्हणाली, “माहेरचं चालंल का, बाई?” आणि हळूच सांगितलं. पंधरा दिवसांनी ती एसटीनं शाखेत आली आणि कमरेच्या पिशवीतला फोन काढून माझ्यापुढे धरला. “नातवानं वाचून दाखवला. माय गेल्यापून ह्या नावानं कुणी बोलवलंच न्हवतं मला.” मेसेज हप्ता भरण्याचा होता, आणि बाई हसत होती. मी तिला चहा पाजला. ती गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन रडले, कारण मला तू आठवलीस.

शेळ्यांच्या कर्जाचा फॉर्म भरायला तू आली होतीस. मला नोकरी लागून दोनच महिने झाले होते. तू समोर बसली आहेस, मांडीवर भाकरीचं फडकं. शेजारचा क्लार्क विचारतो, “मावशी, नाव?” तू म्हणतेस, “कोणतं सांगू? लग्नात ह्यांनी बदललं. माहेरात मला...” आणि मी तुला मधेच तोडते. “आई, इथं गप्पा मारायला येळ न्हाई कुणाला. आधारवर हाय तेवढं सांग.” खरं तर मला लाज वाटली होती, माझी आई लोकांपुढे अडाण्यासारखी बोलते याची. तू तोंडाला पदर लावलास आणि कागदावरचं नाव सांगितलंस, शाळेत हजेरी द्यावी तसं. जाताना फडकं माझ्या टेबलावर ठेवून म्हणालीस, “येळंवर जेव.” नंतर तो विषय तू कधी काढला नाहीस, मीही नाही.

गेल्या आठवड्यात यादीत तुझी ओळ आली. कर्ज कधीच फिटलंय, पण तू गेल्याची नोंद माझ्या हातून झालीच नव्हती. रकाना भरायला गेले आणि कळलं की ते नाव मला माहीतच नाही. मामा तुला आक्का म्हणायचा, तोही आता नाही. आजीला मी पाहिलंच नाही. तू शाळेत गेली नाहीस, म्हणजे दाखलाही नाही. रविवारी घरी जाऊन दादांना विचारलं. ते शेळ्यांना पाला टाकत होते. हातातला पाला टाकून झाल्यावर म्हणाले, “भटजीनं बोट धरून माज्याकून तांदळात नवं नाव लिवून घेतलं, तेवढंच ध्यानात हाय. आधीचं मी कधी इचारलंच न्हाई.” मला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण कुठल्या तोंडानं चिडणार? त्यांनी विचारलं नाही. मी तर तू सांगत असताना तुला गप्प केलं.

तो रकाना रिकामा सोडता येत नाही. एक तर नाव लिहायचं, नाहीतर कारण निवडायचं. ‘मयत’ हेही एक कारण आहे, ते माझ्याच्यानं दाबलं गेलं नाही. काल संध्याकाळी मी तुझ्या ओळीत ‘ग्राहकाने दुसरे नाव सांगितले नाही’ हे निवडलं आणि पुढच्या ओळीवर गेले. ते खोटं आहे, आई. तू सांगत होतीस.