धर्माची गाय कोण?

प्रिय आक्का,

गेलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे येडेपणाच, ठाऊक आहे मला. पण शनिवारची सकाळची शाळा सुटली, पोरं घरी पळाली आणि मी कापडे गावच्या शाळेतल्या या वर्गात एकटीच बसलेय. आणि हे तुझ्याशिवाय बोलू कोणाशी?

उद्या मला बघायला येणार आहेत. मुलगा महाडला कचेरीत क्लार्क आहे. हुंडा नको, मानपान नको, नुसती मुलगी द्या म्हणतात. मी विचारलं, "आबा, का हो नको? काहीतरी कारण असेल ना?" तर आपले आबा काय म्हणाले असतील, सांग बरं! "धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात गो."

आणि वर दुसरं फर्मान. तुझ्या सुमीला उद्या दासगावला आत्याकडं धाडायचं. गिरणी बंद पडल्यापासून भाऊजी मुंबईत रखवालीचं काम करतात, तिथंच कोपऱ्यात झोपतात. म्हणून तू गेल्यापासून तुझी लेक माझ्यापाशी आहे. पण पाहुण्यांना हे आत्ताच कशाला, लग्न होऊ दे, मग हळूहळू सांगू, असं आबांचं म्हणणं.

सुमी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. म्हणते, "मावशी, मोजले तर काय होतं? गाय चावते?" हुबेहूब तू! मला हसू आलं आणि लगेच रडूही.

मग काय, मलाही तो किडा चावला. ही म्हण आली तरी कुठून? आमच्या हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, धर्म म्हणजे दानधर्म. पूर्वी लोक पुण्य पदरात पाडायला गाय दान द्यायचे, आणि द्यायची कुठली, तर भाकड झालेली! घेणाऱ्यानं तिचे दात बघून वय काढू नये, मुकाट्यानं दावं हातात घ्यावं. ऐकून मला रागच आला. पुण्य देणाऱ्याला आणि भाकड जनावर घेणाऱ्याला? वर त्यानं तोंडही उघडायचं नाही?

काल संध्याकाळी आबांना गोठ्यात गाठलं. म्हटलं, दाखवा, दात मोजतात कसे. त्यांनी आपल्या तांबूचा जबडा धरला. दोन दात मोठे आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की जुळली. मी वाकून बघतेय तर काय, वरच्या बाजूला पुढं एकही दात नाही! मी ओरडलेच, "आबा, हिचे वरचे दात पडले!"

आबा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. "मास्तरीणबाय, गाईला वर पुढचं दात नसतातच. कंच्याच गाईला नाय."

आक्का, तुला माहीत होतं हे? मला इतकी वर्षं गाईजवळ राहून माहीत नव्हतं! मग डोक्यात आलं, काही लोक ही म्हण "धर्माची गाय आणि दात का नाय" अशी म्हणतात, ती याच्यावरूनच तर नसेल? कोणा बावळटाला फुकट गाय मिळाली, त्यानं वरच्या बाजूलाच बघितलं आणि फसवलं म्हणून बोंब ठोकली! खरंखोटं कोण सांगणार? पण तसं असेल तर ही म्हण गप्प बसायला सांगत नाही. बघायचं तर नीट बघ, एवढंच सांगते.

तू नीट बघितलंस. तुला बघायला आले तेव्हा मी सातवीत होते, दाराआडून सगळं बघत होते. भाऊजींच्या मावशीनं तुला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, "हस बघू जरा" म्हणून तुझे दात बघितले. आणि भाऊजींना हुंडा का नको, असं तू हळूच विचारलंस तर आबांनी ही म्हण तुझ्या कानात सांगितली. तू मोठ्यानं म्हणालीस, "आबा, यात गाय कोण? दात तर माझेच मोजले." अगं बाई! मावशींचा चहा बशीतच राहिला.

मग तू सरळ भाऊजींनाच विचारलंस. ते बिचारे खाली बघून म्हणाले, "डावा कान गेलाय. गिरणीतल्या सांच्याच्या आवाजानं." तू म्हणालीस, "मग मी उजवीकडं बसंन." झालं, जमलं!

पुढं एकदा माहेरी आलीस तेव्हा मी विचारलं, नकार द्यायचा नव्हता तर विचारलंस कशाला? तर म्हणालीस, "दात मोजायचे ते गाय परत धाडाया नाय गो. तिला पेंढा चावंल का पेज घालायची, ते कळाया नको?" हेडमास्तरांना हे सांगायला हवं होतं, नाही का?

पण आक्का, एक विचारू? रागावू नकोस. दुसऱ्याला असं विचारणारी तू, स्वतःचं दुखणं का लपवलंस? पोटात कळा येत होत्या तर "काय नाय, वारा धरलाय" म्हणून तोंड मिटून बसलीस. भाऊजी काय, मी काय, कोणाला काही कळलंच नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आम्ही पेज घातली नसती का गं तुला? उजव्या-डाव्या दोन्हीकडं बसलो नसतो का? मला तुझा खूप राग येतो. आणि तुझ्यावाचून करमत नाही.

म्हणूनच आबांचं मला पटत नाही. त्यांची माया कळते मला. "तुझं वय चाललंय गो" म्हणताना त्यांचे डोळे भरले होते. पण सुमी म्हणजे काय माझा पडलेला दात आहे, झाकून ठेवायला? आणि त्या मुलाला तरी अंधारात का ठेवायचं? त्यानं काय पाप केलंय?

तुला शब्द देते. हुंडा का नको ते मी उद्या विचारणारच, आणि काय सांगतात ते नीट ऐकणार. पण त्याआधी माझं सांगेन. सुमी दासगावला जाणार नाही. पोह्यांच्या बशा मी आणीन आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात देईन. कोणीतरी विचारेलच, "ही कोणाची?"

मी सांगेन, "आमच्या आक्काची होती. आता माझी आहे."

तुझी,
शालू