तीनशे अकराव्या ओळीतलं हॉस्पिटल

प्रिय ताई,

नाही गं, विसरलो नव्हतो. तुमच्या गावच्या, बांधकाम अर्धवट राहिलेल्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलचं नाव नव्या पंचवार्षिक योजनेत आलं का, हे तू तीनदा विचारलंस आणि तीनदा मी हवापाण्याचं लिहिलं. योजना छापून आलीय. गुळगुळीत कागद, जाडजूड. ऑफिसात सगळ्यांनी तिच्यासोबत फोटो काढले. मीही हसलोय, फोटोत दिसतंय तसं. मला आठवत नाही. हल्ली जेवतो, झोपतो, कामावर जातो, पण आत काही हलत नाही.

किती उड्या मारत आलो होतो मी इथे, योजनेच्या ऑफिसात! अख्ख्या देशाची पाच वर्षं माझ्या टेबलावर, असं फोनवर म्हणालो तर तू म्हणालीस, "आधी स्वतःचं कपाट आवर." तर इथली एक पद्धत आहे. जुन्या योजनेतलं प्रत्येक काम कुठवर आलं, ते जिल्ह्याला विचारायचं. तीन स्मरणपत्रांनाही उत्तर नाही आलं, तर काम झालं असं धरायचं. बाकीचे एकेक ओळ हाताने भरायचे, कुरकुरत, शंका आली की फोन लावत. मी हुशारी केली. कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये सगळे रिकामे चौकोन 'पूर्ण' करून टाकले. दोन महिन्यांचं काम दुपारच्या चहाआधी! साहेब म्हणाले, "या पोराला कुणी नजर लावू नका रे."

तीनशे अकरावी ओळ तुमची होती. वीस खाटांचं हॉस्पिटल, पूर्ण. त्याच्या उघड्या खांबांना टेकून मी सुट्टीत शेजारच्या दवाखान्यातली तुझी ड्युटी संपायची वाट पाहिलीय. तरी ओळ वाचलीच नाही. आणि झालेलं काम पुन्हा योजनेत येत नाही. छापील योजनेत तुमचं नाव शोधलं, तेव्हा कळलं. साहेबांना सांगितलं, तर त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "एक ओळ उघडलीस तर सगळ्या उघडाव्या लागतील, बाबा. अडीच वर्षांनी आढावा आहे, तेव्हा गुपचूप घालू."

तू लिहिलंस, गेल्या महिन्यात ती शिवणकाम करणारी बाई शहरात नेताना गाडीतच गेली, बाळासकट. आणि तिच्या नवऱ्याला तू सांगितलंस, माझा भाऊ तिथे आहे, या वेळी होईल. म्हणून हे पत्र. चूक माझी आहे, असं वरच्या ऑफिसला लेखी कळवायचा कागद टाइप करून ठेवलाय. दिला तर नोकरी जाईल, आणि हॉस्पिटल येईलच असंही नाही. नाही दिला तर अडीच वर्षं. ताई, तुला काय वाटतं, देऊ का?

तुझाच,
चष्मिश