जोत्याला उतार

४ मार्च १९७३
जोत्याच्या तीन पायऱ्या. लढाईत शत्रूच्या हद्दीत शिरलो होतो, आणि आता घरच्या पायऱ्या उतरवत नाहीत! उजवा पाय सुरुंगात मांडीपासून गेला, डावा गुडघा वाकत नाही. घरात रांगतो. पहाटे हरणा मला पाठीवर घेऊन परसात नेते. बायकोच्या पाठीवर! तिला पाचवा महिना. सुईणीने वजन उचलू नको म्हणून बजावलंय. आज मला खाली ठेवल्यावर भिंत धरून उभी राहिली, डोळे मिटून. भीती वाटली.

९ मार्च
साताऱ्याच्या सैनिक कल्याण ऑफिसातून निरोप. ज्या जखमी जवानाला घरात वावरता येत नाही, त्याला पायऱ्यांच्या जागी उतार आणि घरालगत संडास बांधायला मदत मिळते. साहेब समक्ष पाहून ठरवणार. हरणा हसली. कधीची हसली नव्हती.

१७ मार्च
गाढव आहे मी!
जीप दिसली तसे आबा आत आले. वडीलही जुने फौजी. "युनिफारम घाल. साएबाम्होरं हातरुणात पडणार हायस व्हय रं?" इस्पितळाने दिलेला, मांडीला रुततो म्हणून पडून असलेला नकली पाय आवळला, खांबाला टेकून उभा राहिलो, कडक सलाम ठोकला. साहेबांनी विचारलं, काही त्रास? तर तोंडातून निघून गेलं — "कोई तकलीफ नहीं, साब!" फौजेत या प्रश्नाला दुसरं उत्तर असतं कुठं? साहेबांनी चहा घेतला, पाठ थोपटली, गेले. पोरगं साहेबापुढं ताठ उभं राहिलं, असं आबा गावभर सांगत फिरले. पाय काढला तर मांडी रक्ताळलेली.

२ एप्रिल
नामंजूर. जवान स्वतः उभा राहतो, सबब गरज नाही.
हरणा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

३ एप्रिल
परत तपासा म्हणून अर्ज धाडला. भीक मागतोस म्हणाले आबा. बोलणं बंद.

२० एप्रिल
हरणा पायरीवर घसरली, मी पाठीवर असताना. थोडक्यात वाचली. चुलीपाशी हळूच म्हणाली, "आवं, साएब आलं तर रांगत जावा. आपल्या पोरासाठी." आबा ओसरीवर होते. ऐकलं असावं.

२६ एप्रिल
साहेब आले. सवयीने उठायला गेलो. आबांनीच खांदा दाबून बसवलं. "साएब, त्यो उभा ऱ्हात न्हाई. म्याच उभा केला हुता."
मग सगळ्यांदेखत रांगत, घसरत-पडत पायऱ्या उतरलो. आबांनी मान वळवली नाही; शेवटच्या पायरीपर्यंत बघत राहिले.