परवानगी पाकदेंनी मागायची नसते

योग्यकार्ता,
सोमवार, सकाळ

तीर्थरूप पाकदे सुमार्तो यांना, त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलाचा, म्हणजे दमारचा, गुडघ्यांवर कपाळ टेकून सुंगकेम. (पत्रातून कपाळ टेकता येत नाही, म्हणून मी आत्ता टेबलावर टेकून पाहिलं. आमची आई, इबू, आत डोकावून विचारून गेली, डोकं दुखतंय का.) आपली तब्येत बरी असेल अशी आशा करतो. वोनोसोबोच्या थंडीत गुडघा कुरकुरत असणारच, पण त्यावर उपाय म्हणजे तुम्ही डोंगर उतरून चार दिवस खाली येणं, आणि त्या विषयाकडे मी येतोच आहे. बुदे लास्त्रींनी पाठवलेली बटाट्यांची गोणी पोचली. तुमचा पेरकुतुत अजून घुमतो का? मागच्या खेपेला तुम्ही शीळ घातली की तो पिंजऱ्यातून उत्तर द्यायचा आणि मी घातली की पाठ फिरवायचा. मी ते मनावर घेतलेलं नाही. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत.

सगळे ठीक म्हणजे, शुक्रवारी संध्याकाळी बुदेंचा फोन येईपर्यंत ठीक होतो. बुदे म्हणाल्या, "अरे, तुझे पाकदे किनांतीच्या लग्नाला येत नाहीत म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, म्हणत काहीच नाहीत. नुसतं 'बरं, बरं' म्हणाले आणि पिंजऱ्यापाशी जाऊन बसलेत." पाकदे, आपल्या घरातल्या 'बरं, बरं'चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. इतरांकडे माणसं चिडली की भांडी आपटतात. आपल्याकडे आवाज आणखी मऊ होतो. येत्या रविवारी माझ्या बहिणीचं लग्न, आदल्या दिवशी तिचं सिरामनचं न्हाण, आणि बापाक नसल्यामुळे तिच्या डोक्यावर पहिलं पाणी तुम्ही ओतायचं हे कधीचं ठरलेलं आहे. त्या जागी उभा करायला आमच्याकडे दुसरा माणूस नाही. तेव्हा काय घडलं ते मी नीट समजावून सांगतो. (ईमेलने नाही. ईमेलवरचा तुमचा विश्वास उडाला असेल तर तो रास्त आहे, म्हणून हे पत्र वोनोसोबोच्या ट्रॅव्हलच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय.) एकदा ऐकलंत की राग राहणारच नाही याची मला पक्की खात्री आहे, कारण तांत्रिक दृष्टीने पाहिलं तर यात चूक कुणाचीच नाही.

लग्नाच्या समितीचे कागद, म्हणजे कुणी दारात उभं राहायचं, कुणी कुठे बसायचं, कोणत्या शाखेला कोणत्या रंगाचं कापड आणि बुलिक रेत्नोंचं सगळं जेवणखाण, हे मी इंटरनेटवरच्या एका सामायिक कपाटात ठेवलं होतं. तिथे प्रत्येक कागदासाठी प्रत्येक माणसाला वेगळी परवानगी द्यावी लागते: हा फक्त वाचेल, हा शेरे मारेल, हा लिहील, आणि हा मालक. आपलं खटलं केवढं आहे ते तुम्ही जाणता. हाताने एकेकाचं नाव घालत बसलो असतो तर तोवर किनांतीचं पहिलं मूल रांगायला लागलं असतं. पण कंपनीत मी दिवसभर हेच काम करतो, मग घरच्या कार्यात हात का आखडायचा? त्या कपाटाला मागच्या अंगाला एक खिडकी असते, तिला एपीआय म्हणतात. ती माणसांसाठी नाही, प्रोग्रामसाठी. माझा प्रोग्राम तिथून चिठ्ठी आत सरकवतो, की अमुक कागद, अमुक माणूस, अमुक अधिकार, आणि आतून 'झालं' असं उत्तर येतं. मी कॉफी गाळून आणेपर्यंत अख्ख्या घराण्याचं काम उरकलेलं. हे सगळं मी समितीच्या प्रत्येक बैठकीत समजावलं, आणि प्रत्येक वेळी बुलिक रेत्नो म्हणाल्या, "ते असू दे रे राजा, मला एवढंच सांग, तळलेल्या तेंपेचा आकडा कुठे लिहायचा?"

आता अधिकार वाटायचे कसे, हा प्रश्न आला. कंपनीत सोपं असतं. ज्याचं काम त्याने लिहावं, बाकीच्यांनी वाचावं. मी सुरुवातीला तसंच केलं होतं, पण इबूने माझ्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "पाकदेंच्या नावापुढे 'फक्त वाचक'? आणि तू लेखक? बाप गेला आणि पोराला शिंगं फुटली असं म्हणतील लोक!" पाकदे, मला ते तिथल्या तिथे पटलं. मी नवा नियम बसवला: अधिकार नात्याच्या पायरीप्रमाणे. आपला वंशवृक्ष संगणकात होताच. वरच्या पिढीला लिहायचा अधिकार, आमच्या पिढीने शेरे मारावेत, खालच्यांनी वाचावं, आणि लग्नघरचे कर्ते म्हणून सगळ्यांच्या वर, मालक तुम्ही. (मालकी समोरच्याने 'हो' म्हटल्याशिवाय सरकत नाही. तुम्हाला तसं ईमेल आलं असेल. तुम्ही ते उघडलं नाहीत याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही.) घरातल्या माणसांचा इतका मान राखणारा प्रोग्राम दुसऱ्या कुणी लिहिला असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही.

अडचण एकच झाली. पायरी वयावर नसते ना आपल्याकडे. मागेलांगच्या तुमच्या शेंडेफळ काकांनी उतारवयात पुन्हा लग्न केलं, त्यांची गेंदिस आता पहिलीत आहे, तिचे दुधाचे दात पडताहेत, पण ती तुमची चुलत बहीण आणि म्हणून माझी आत्या. मी तिला बुलिक म्हणतो, ती मला खुशाल 'ए दमार' म्हणते. प्रोग्रामने वरच्या पिढीतली म्हणून तिला लिहायचा अधिकार देऊन टाकला, आणि शाळेने तिला ईमेल दिलेलं आहे. तिने जेवणातला फणसाचा गुडेग खोडून चॉकलेटचं आइस्क्रीम घातलं आणि दारात स्वागताला आपल्या मांजरीची नेमणूक केली. हे कुणीतरी दुरुस्त करायला हवं होतं की नाही? पण वडीलधाऱ्या माणसाने लिहिलेलं खोडायचं कुणी? बुलिक रेत्नो आइस्क्रीमवाल्याकडे चौकशी करून आल्या. मांजरीच्या मापाचं नारिंगी कापडही कापून झालं. किनांतीने विचारलं तेव्हा शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "कागदावर आहे म्हटल्यावर कापलं बाई. आपण कोण विचारणारे?"

मग मी ठरवलं की सगळ्यांच्या परवानग्या एकदा काढून घ्यायच्या आणि वयाचीही अट घालून नव्याने द्यायच्या. चहा निवायच्या आत होणारं काम. आता पाहा, पाकदे, कुठलीही गोष्ट आपल्याकडे कुणापासून सुरू होते? पान वाढणं थोरल्यांपासून, लेबारानच्या ईदेची माफी मागणं थोरल्यांपासून, फोटोतल्या खुर्च्या थोरल्यांपासून. प्रोग्रामातला क्रमही मी तसाच लावलेला होता. त्यामुळे परवानगी काढून घेण्याचा पहिला मानसुद्धा तुम्हाला मिळाला. तुमच्यामागून बुदे, मग सोलोच्या आजी, मग उरलेली वडील मंडळी, एकेक करून अगदी अदबीने बाहेर. आणि गेंदिसचा नंबर यायच्या आत खिडकीतून उत्तर आलं, की फार घाई होते आहे, जरा थांबा. (एका दमात खूप चिठ्ठ्या आल्या की कपाट असं म्हणतं. सगळीच कपाटं म्हणतात. त्यावर थोडं थांबून पुन्हा विचारायचं असतं, आणि ते मी प्रोग्रामात लिहिणारच होतो.) प्रोग्राम जागच्या जागी बसला. मी शुक्रवारच्या नमाजाला गेलेलो. थोडक्यात, घराण्यातले तेवढे वडीलधारे बाहेर आणि पोरंटोरं सगळी आत, शिवाय मांजर.

आणि नेमकं त्याच दुपारी तुम्ही, प्रथमच, आपली खुर्ची कुठे मांडली आहे ते पाहायला कागद उघडलात. पडद्यावर काय आलं ते मला न पाहताही पाठ आहे: 'तुम्हाला हा कागद पाहण्याची परवानगी नाही. परवानगी मागा.' आणि मालक म्हणून खाली माझं नाव. ज्यांच्या मोटरसायकलच्या टाकीवर बसून मी बटाट्याची शेतं पाहिली, त्यांनी माझ्याकडे परवानगी मागायची! पाकदे, ते वाक्य माझं नाही. ते दूर कुठेतरी बसलेल्या माणसाने लिहिलं आहे, आणि त्या माणसाला काका नसणार. असता तर त्याने तिथे 'क्षमा असावी' एवढं तरी घातलं असतं.

बुदेंचा फोन ठेवला तेव्हा किनांती शेजारीच उभी होती. "मास दमार, तू मला एक पुठ्ठा आणि खडू दिला असतास ना, तरी भागलं असतं," एवढं ती म्हणाली. मी म्हटलं, पुठ्ठ्यावर पायरीप्रमाणे अधिकार देता येत नाहीत. त्यावर ती हसेल असं मला वाटलं होतं. ती सिरामनसाठी काढलेलं कापड घडी घालून परत कपाटात ठेवायला लागली (हे खरं कपाट, लाकडी) आणि अगदी तुमच्यासारख्या मऊ आवाजात म्हणाली, "पाकदे नसतील तर सिरामन नकोच करू या." मला फार वाईट वाटलं, पाकदे. ते प्रोग्राममुळे नाही, तिच्या त्या आवाजामुळे.

तर आता सगळं ठीकठाक झालं आहे. प्रोग्राम घाई करत नाही, कपाटाने थांब म्हटलं की थांबतो. परवानगी द्यायची झाली तर तुमच्यापासून सुरुवात आणि काढायची झाली तर माझ्यापासून. तुम्ही, बुदे आणि सोलोच्या आजी, सगळे सन्मानाने आत आहात. गेंदिसला फक्त वाचता येतं, आणि त्याबद्दल तिने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. म्हणजे राग धरण्यासारखं आता काही उरलेलंच नाही. शुक्रवारी सकाळी गाडी पाठवतो. पुढची सीट गुडघा लांब करता येईल अशी मोकळी ठेवायला सांगितलं आहे. बुदेंना माझा सुंगकेम. किनांतीचा वेगळा, ती इथून सांगते आहे.

तुमच्या आज्ञेबाहेर नसलेला (शुक्रवार दुपारचा थोडा वेळ वगळता),
दमार

ता. क. मालकीचं ईमेल पुन्हा पाठवलं आहे. त्यात निळं बटण आहे, ते एकदा दाबलंत की सगळे कागद तुमचे, आणि मग परवानगी आम्ही तुमच्याकडे मागायची. बुदेंचा चष्मा लावून पाहिलंत तर बटण नीट दिसेल.

आणखी एक ता. क. खरं सांगायचं तर बटण दाबलं नाहीत तरी चालेल. किनांतीने शनिवारी त्या कागदांची नक्कल छापून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली. दोरीला पेन्सिल बांधली आहे आणि येणारा जाणारा तिथेच लिहितो. बुलिक रेत्नोंना तेंपेचा आकडा लिहायला जागा मिळाली. तेव्हापासून इंटरनेटवरचं कपाट माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नाही. मी रोज उघडतो. सगळ्या परवानग्या बिनचूक आहेत.

शेवटचा ता. क. हे इबूला आणि किनांतीला माहीत नाही, म्हणून पाकीट चिकटवायच्या आधी घाईने लिहितो आहे. बापाक नाहीत, त्यामुळे रविवारी निकाहात बहिणीला मी द्यायचं आहे. निकाह लावणाऱ्या पेंगुलूंनी विचारलं होतं, वाक्य तुम्ही स्वतः म्हणणार की तो अधिकार मला देणार? बरेचजण देतात म्हणे. मी ऐटीत म्हटलं, स्वतः म्हणणार, एका वाक्याचं तर काम. आता न्हाणीघराचं दार लावून म्हणून पाहतोय. 'माझी सख्खी बहीण किनांती' इथपर्यंत सरळ येतो. पुढे ती कुणाची मुलगी ते म्हणायचं असतं, आणि बापाकचं नाव आलं की माझा आवाज बसतो. रोज बसतो. पाकदे, तुम्ही त्या नावाने त्यांना लहानपणापासून हाका मारल्या आहेत. खुर्ची, मालकी, मान, त्याचं तुम्हाला वाटेल ते करा. फक्त माझ्या शेजारी चटईवर बसा, आणि मी अडलो तर तेवढं नाव माझ्या कानात सांगा.