पहिली करवंटी

वडगाव रासाई,
१४ मे २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
मारुतीचा दंडवत. हिकडं समदी बरी हायती. यवतला ऊन लई असंल. फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहितोय.

लग्न पार पडलं. विक्रम आन् सूनबाई सेला रविवारी ऑकलंडला निघत्यात. सेला मूळची टोंगा बेटावरची. आपल्या घरात असली सून येईल, असं सपनात तरी वाटलं होतं का?

हळदीच्या दुपारी तिनं ओट्यावर चटई टाकली आन् परातीत कसल्यातरी मुळीची पूड कालवली. गढूळ पाणी नुस्तं! कावा म्हणं. मी म्हणलं, देवकार्यात दारू? विक्रम हसला, "आबा, दारू न्हाई. जीभ जरा बधिर होती, बास." तिच्या आज्याच्या काळात बैठकीला बाप्येच बसायचे, एक बिनलग्नाची पोरगी वाढायची. आता ऑकलंडात पोरी बी गोल करून पित्यात, गिटार वाजवत्यात. मी तर तोंडात बोटच घातलं! नवी नवरी, आन् सासऱ्यासमोर पिणार?

पहिली करवंटी भरली तवा मी हात पुढं केला, घरात मोठा मीच की. तर ती मला ओलांडून आत, तू लसूण सोलत बसली होतीस तिथं. "आत्या पहिली," म्हणली. त्यांच्यात आत्या बापाहून मोठी. ह्या पोरांनी बैठक समदी बदलली, पण आत्याचा मान न्हाई सोडला.

अक्का, मी काय बोललो ते लिहायचं टाळत होतो. "विधवा बाई हाय ती, तिला पहिला मान न्हाई." भर पाहुण्यांत. सेलानं विचारलं, आबा काय म्हणले? ज्या विक्रमला तू दहावीपर्यंत यवतला सांभाळलंस, त्यालाच ते तिला इंग्रजीत सांगावं लागलं. तू करवंटी खाली ठेवलीस, पिशवी घेतलीस आन् यष्टी धरलीस. अक्षतांना बी आली न्हाईस.

अजून एक. तुला हळद लावू देऊ नका असं भटजी म्हणले, हे मी तुला सांगितलं ते खोटं. मी त्यांना इचारलंच न्हाई. लोकाच्या भ्यानं मीच ठरवलं. लाज वाटती गं.

सेला रोज कावा कालवती, पहिली करवंटी भरून ओट्यावर ठेवती आन् कुणालाच पिऊ देत न्हाई. "आत्या पहिली." सांच्याला तशीच झाडाला ओतती. विक्रम माझ्याशी बोलत न्हाई.

शनिवारी तुला आणायला विक्रमला धाडणार न्हाई. मीच यवतला येतो, तुझ्या दारात उभा ऱ्हातो. यायचं का न्हाई, ते तू ठरव.

तुझ्यामागनं दुसरा,
मारुती