मी खाली हाय

अण्णा,

मागच्या महिन्यात मी विमानातून उडी मारली. पाठीवर पॅराशूट होतं, डोक्यावर हेल्मेट होतं आणि हेल्मेटच्या आत, कानापाशी, एक छोटा रेडिओ होता. त्या रेडिओवर जे ऐकलं ते घरात कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. तुम्ही गेलात त्या वयाची मी यंदा झाले.

उंचीची भीती माझी गेली नाही, माझ्याबरोबर मोठी झाली. आम्ही कोथरूडला नवव्या मजल्यावर राहतो आणि गॅलरीत कपडे वाळत घालताना मी एका हाताने कठडा धरून ठेवते. पुढच्या खोलीत दहावीच्या मुलांना गणित शिकवते, तीही खिडकीकडे पाठ करून. तुमची नात मात्र तुमच्यावर गेली आहे. तिने आणि तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने पॅराशूटने उडी मारायच्या शिबिरात नाव घातलं होतं. मैत्रिणीने ऐन वेळी माघार घेतली, तेव्हा ही जेवता जेवता म्हणाली, "आई, तू चल. तिथे कठडाच नसतो, त्यामुळे धरायचा प्रश्न येत नाही." तुमच्या जावयांनी पेपरमधून डोकंही वर काढलं नाही. विम्याचे हप्ते वेळेवर गेलेत, एवढं म्हणाले. सगळे हसले आणि त्या हसण्यात मी हो म्हणून बसले. मग स्वयंपाकघरात जाऊन पुसलेला ओटा परत पुसला. का हो म्हटलं हे तेव्हा कळलं नव्हतं. आता थोडं थोडं कळतंय.

आपण गुलटेकडीला दोन खोल्यांत राहायचो. तुम्ही मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर कामाला होतात. घरी आलात की शर्टाच्या बाह्या झटकायचात आणि आई म्हणायची, बाहेर जाऊन झटका, मुंग्या होतात. रविवारी मात्र तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून लोणी काळभोरला काकांच्या मळ्यात न्यायचात, विहिरीत पोहायला शिकवायला. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीचे वडील असलं काही करत नव्हते. तुळशीबागेतून तुम्ही माझ्यासाठी पोहण्याचा निळा पोशाख आणलात. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि याला बाह्या कुठे आहेत, एवढंच विचारलं.

मी विहिरीच्या काठावर उभी आहे. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधलेला आहे, त्याची दोरी काखेत काचते आहे. तुम्ही आधीच उडी मारली आहे. खाली पाणी काळं आहे आणि त्यात तुमचं डोकं आणि वर केलेले दोन हात, एवढंच दिसतं. घरी तुम्ही माझ्याशी शहरातलं बोलता, पण पाण्यात उतरलात की गावचं. "सोड," तुम्ही म्हणता. "मी खाली हाय." तो आवाज तुमच्या तोंडातून येत नाही. तो दगडांतून येतो, माझ्या पायांखालून, आणि तुमचे ओठ हलल्यानंतर थोडा उशिरा. मला पाण्याची भीती वाटत नव्हती, अण्णा. मला त्या आवाजाची वाटायची. खाली जे उभं आहे ते तुम्हीच आहात हे वरून नक्की सांगता यायचं नाही.

एकदा मी काठावरून मागे वळले आणि माझा पाय घसरला. काकांनी दंडाला धरलं म्हणून वाचले. तुम्ही पायऱ्यांवरून निथळत वर आलात. ओरडला नाहीत, पण तसं बोलणं मी त्याआधी तुमच्याकडून ऐकलं नव्हतं. "भ्यायचं आसंल तर तोंड करून भी. पाठ फिरवली की पाय जातो." काकू गोठ्याच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. तिने मला जवळ घेतलं आणि तुम्हाला म्हणाली, पोरीला पाण्याचा नाद लावून काय करायचंय. शेवटच्या रविवारी तुम्ही खूप वेळ पाण्यात थांबलात. मी उडी मारली नाही. शेवटी तुम्ही दमून म्हणालात, "बरं, ऱ्हाऊ दे. पुढच्या ऐतवारी." वर येऊन अंग पुसलंत, मला भेळ खाऊ घातलीत. त्याच आठवड्यात तुम्ही आडतीवर गुळाच्या ढेपांना टेकून बसलात आणि सगळ्यांना वाटलं, डोळा लागला असेल. निळा पोशाख कोरडाच राहिला. आईने तो पुढे कोणाला तरी देऊन टाकला.

शिबिराची धावपट्टी शहरापासून दोनेक तासांवर, उसाच्या पट्ट्यात आहे. शिकवणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले, हरियाणाकडचे. सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात. मराठीचा त्यांना गंध नाही. पहिला दिवस जमिनीवरच गेला. पोटावर झोपून अंग धनुष्यासारखं ताणायचं, पाय जुळवून लाकडी चौथऱ्यावरून उडी मारायची आणि पडता पडता कुशीवर लोळायचं. चौथरा माझ्या कमरेएवढा होता. त्याच्यावर मी इतका वेळ उभी राहिले की मागची मुलं बाजूने जाऊन उड्या मारून आली. सुभेदारसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन हिंदीत सावकाश समजावलं. छत्रीचा पट्टा विमानाला बांधलेला असतो, त्यामुळे ती आपोआप उघडते. मग दोन हातांत दोन दोऱ्या. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. ते जमिनीवर उभे राहून रेडिओवरून सांगत राहणार होते. मला उलट बोलता येणार नव्हतं, तो रेडिओ फक्त ऐकायचा होता. एवढ्या सगळ्यातलं माझ्या डोक्यात एकच राहिलं. खाली कोणीतरी असेल आणि ते बोलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. विमानाला दार नव्हतं, नुसती चौकट होती. मुलीचा नंबर माझ्याआधी होता. ती चौकटीत बसली, माझ्याकडे बघून हसली, आणि मग तिथे नुसतं ऊन होतं. विमानाने एक फेरी मारली, मग विमानातल्या शिक्षकाने मला खुणेने बोलावलं. मी बसल्या बसल्या सरकत गेले, पाय बाहेर सोडले, खांद्यावर थाप बसली. हात मी सोडले की सुटले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जोराचा हिसका बसला, आणि मग शांत झालं. मला वाटलं होतं वर वारा घोंघावत असेल. तसं काही नसतं. डोक्यावर कापडाची मंद सळसळ आणि खालच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलेलं अगदी स्पष्ट.

रेडिओ बोलला, "शाबाश मॅडम. अब दाएँ." मी उजवी दोरी ओढली. मग खरखर झाली. मग दुसरं कोणीतरी म्हणालं, "डावीकडं ये."

कोण बोललं याचा विचार करायच्या आधी मी वळले होते. आवाज घाई करत नव्हता. आजून, म्हणाला. आता सरळ. खाली ऊस होता, बांध होता, आणि बांधाच्या पलीकडे काळा गोल दिसला, पाटीवर खडूने नीट काढावा तसा गोल. विहीर होती. मी बरोबर तिच्यावर चालले होते. "सोड," आवाज म्हणाला. "मी खाली हाय." आता तो हेल्मेटमधून येत नव्हता. पायांखालून येत होता, थोडा उशिरा. आणि अण्णा, मला भीती वाटत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कुठेच, काहीच, जराही वाटत नव्हती. मी इतकी हलकी झाले होते की दोरी हातात कशाला धरायची, असंही मनात आलं. माझ्या छत्रीची सावली उसावरून सरकत पुढे गेली, बांध ओलांडला, विहिरीत उतरली. मी बघत राहिले. ती पलीकडच्या काठावर आली नाही.

तेव्हा कुठे भीती परत आली. मी मोठ्याने म्हणाले, "अण्णा, मला भीती वाटते."

कोणी ऐकणार नाही हे मला माहीत होतं. तरी पलीकडे कोणीतरी थांबल्यासारखं झालं. मग आवाज आला, दमलेला, अंग पुसता पुसता यायचा तसा.

"बरं, ऱ्हाऊ दे. पुढच्या ऐतवारी."

लगेच कानात सुभेदारसाहेब ओरडायला लागले, दाएँ, दाएँ, आणि मी सगळा जीव लावून उजवी दोरी ओढली. नांगरलेल्या रानात गुडघ्यांवर पडले, तोंडात माती गेली. विहीर मागे होती. उठून बघितली नाही. सुभेदारसाहेब धावत आले, मी उभी आहे हे पाहून मगच रागावले. आपण सारखे उजवीकडे म्हणत होतो, एकदाही थांबलो नाही, आणि बाई डावीकडेच चालल्या होत्या, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मुलगी माझ्याआधीच उतरून त्यांच्याशेजारी उभी होती. तिनेही तेच ऐकलं होतं. त्यांनी माझं हेल्मेट काढून रेडिओ तपासला. त्यात काही बिघाड नव्हता.

परतीच्या वाटेवर मुलगी गाडी चालवत होती. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "आई, वर तू बोलत होतीस. खालपर्यंत ऐकू आलं."

"रामरक्षा म्हणत होते."

"रामरक्षेत अण्णा कुठे येतात?"

मी काच वर केली.

पुढच्या रविवारी दुसरी उडी होती. गुडघा दुखतोय असं सांगून मी घरी राहिले, आणि ती गेल्यावर बस बदलत बदलत लोणी काळभोरला गेले. किती वर्षांनी गेले असेन. काका नाहीत आता. त्यांच्या सुनेने मला ओळखलं, आत बोलावलं. विहीर बघायची होती म्हटल्यावर तिला नवल वाटलं. "विहीर? ती बुजवली की कवाच." त्या जागेवर कॉलेजच्या मुलांसाठी खोल्या बांधल्या आहेत आणि विहीर होती तिथे त्यांच्या गाड्या लावतात. सिमेंटवर तेलाचे डाग आहेत. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि मला बरं वाटलं. म्हटलं, संपलं.

काकू ओसरीत खुर्चीवर होती. तिला आता दिसत नाही आणि बहुतेक माणसं ती विसरली आहे. सुनेने कानात माझं नाव सांगितलं तरी काही कळल्याचं दिसलं नाही. मी पाया पडले तेव्हा तिने माझा हात चाचपला, मनगट, मग दंड, दोरी काचायची तिथपर्यंत. आणि तोंडभर हसली.

"मारलीस का गं उडी शेवटी?"

"मारली, काकू," म्हटलं.

तिने माझा दंड सोडला. मग तिने तोंड वळवलं, बरोबर त्या गाड्यांच्या दिशेने, आणि काळजीने विचारलं, "मग भावजी आजून वर कसं आलं न्हाईत?"

सून हसली. हल्ली त्यांचं असंच चालतं, मनावर घेऊ नका, असं म्हणून चहा टाकायला आत गेली. मी चहा घेतला, मुलांच्या परीक्षांबद्दल बोलले, निघाले. फाटकातून बाहेर पडेपर्यंत काकू त्याच बाजूला तोंड करून बसली होती.

आता मुलीच्या बऱ्याच उड्या झाल्या आहेत. दर शनिवारी ती विचारते, येणार का, आणि मी गुडघ्यावरून हात फिरवते. तुमचे जावई मला डॉक्टरकडे न्यायचं म्हणतात. हे लिहिलेलं त्या दोघांपैकी कोणी वाचणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. असती तरी पाठवलं नसतं. पत्ता तुमचा आहे की दुसऱ्या कोणाचा, ते वरून कळत नाही.

गुडघ्याला काही झालेलं नाही, अण्णा. तुम्ही परत बोलावलंत तर मला भीती वाटेलच, याची मला खात्री नाही.